सेकंडहँड बँडसॉ : नवं ब्लेड आधी सरळ कापतं, मग तिरकं जायला लागतं

लोखंडी_पूल · शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

सांगलीत विश्रामबागेत घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप आहे. जुना लेथ, पिलर ड्रिल, वेल्डिंग मशीन. नोकरी सांभाळून सुट्टीचा उद्योग. लेथसाठी बारचे तुकडे आजवर चौदा इंची कटऑफवर (चकतीच्या कटिंग मशीनवर) पाडायचो. त्या आवाजाने शेजारच्या काकूंच्या दुपारच्या झोपेचं खोबरं. शिवाय ईएन-८ चा (मध्यम कार्बन पोलादाचा) बार त्या चाकाने कापला की तोंड तापून कडक होतं, आणि लेथवर फेसिंग करताना (तोंड सपाट करताना) टूलचं टोक पहिल्याच पासला उडतं.

म्हणून कुपवाड एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनवाले शेड रिकामी करत होते त्यांच्याकडून आडवा ७×१२ बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत) उचलला. ब्लेड २३६० × २० × ०.९. सिंगल फेज १ एचपी मोटर, तीन स्टेपची पुली, बो (ब्लेडची चौकट) खाली सोडायला हायड्रॉलिक सिलिंडर.

अडचण अशी की ६३ मिमीचा ईएन-८ राऊंड कापताना कट वर सुरू होतो तिथे बरोबर असतो आणि खाली बेडपाशी पोचेपर्यंत २ मिमी बाहेर गेलेला असतो. नेहमी एकाच बाजूला, बारच्या मोकळ्या टोकाकडे. नवीन बायमेटल ६/१० (इंचाला सहा ते दहा दात) ब्लेड चढवलं. पहिले काही कट झकास, गुण्या लावला तर उजेडसुद्धा दिसत नव्हता. मग हळूहळू परत तेच. अजून एक नवं ब्लेड लावलं, त्याचीही तीच कथा. ब्लेडं काही फुकट येत नाहीत. कुठे बघू?

रानपाखरू · शनिवार, रात्री १०.५२

ब्लेड चांगल्या कंपनीचं घ्या. स्वस्तातलं घेतलं की असंच होतं.

लोखंडी_पूल · शनिवार, रात्री ११.०५

स्वस्तातलं नाही हो. दोन्ही वेगवेगळ्या नामांकित कंपन्यांची, एम-४२ (कोबाल्टच्या हायस्पीड स्टीलच्या) दातांची.

मिरज_मळा · रविवार, सकाळी ७.१०

टेन्शन वाढव. ढिल्या ब्लेडने कट तिरका जातोच. मी तर हँडल गच्च आवळतो, मग अजून अर्धा फेरा.

टूलरूमकाका · रविवार, सकाळी ८.३०

थांबा जरा. "नवं ब्लेड सरळ, मग तिरकं" या पाच शब्दांत निम्मं निदान आहे आणि ते वाचायच्या आधीच सगळे पाना घेऊन धावले.

टेन्शन कमी असतं तर नवं ब्लेडसुद्धा पहिल्या कटापासून भटकलं असतं. व्हाईसचा जबडा काटकोनात नसता तरीही पहिल्यापासून चूक दिसली असती, आणि ती आडव्या पातळीत दिसली असती. हल्ली "तिरका कट" म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. वरून बघितल्यावर तिरका असेल तर व्हाईस. वरून खाली येताना सरळ रेषेत एका बाजूला कललेला असेल तर गाईड (ब्लेडला सरळ धरणारे बेअरिंगचे आधार) किंवा ब्लेड. आणि तोंडाला पोट आलं असेल, म्हणजे मध्ये फुगीर किंवा खोल, तर फीड (ब्लेड मालात उतरायचा जोर) जास्त नाहीतर टेन्शन कमी. तुझं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय. मशीन तुझ्या ब्लेडला खातंय, एका बाजूने.

आधी एवढं सांग. चिप (कापताना निघणारा कीस) कशी पडते? पुलीच्या कुठल्या स्टेपवर बेल्ट आहे? पुढचा सरकता गाईड बारपासून किती लांब ठेवतोस? आणि गाईडचं पाठीचं बेअरिंग हाताने फिरवून बघितलंस का? बाजूची नव्हे, पाठीचं.

द्राक्षमांडव · रविवार, सकाळी ९.०२

काका, मधेच घुसतो, माफी असावी. आमच्याकडे तासगाव भागात बागेच्या वाय मांडवाचं अँगलचं काम लय असतंय. ५०×५०×६ चा अँगल लावला की ब्लेडचे दात खटाखट उडत्यात. ह्यांच्यासारखंच ६/१० हाय. ब्लेड चांगलं असून बी उडत्यात. का?

टूलरूमकाका · रविवार, सकाळी ९.४०

मालाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असायला हवेत. तुझा अँगल ६ मिमी जाड, म्हणजे पाव इंचाच्याही आत. ६/१० ला सरासरी इंचाला आठ दात धर. पाव इंचात दोनच दात आले. एक दात बाहेर पडतो, पुढचा येईपर्यंत मधल्या खोबणीत लोखंडाची कड घुसते, आणि पुढचा दात मुळासकट जातो. १०/१४ घे.

अँगल व्हाईसमध्ये धरतोस कसा? एल आकारात आडवा ठेवलास तर आधी फक्त उभा पाय ६ मिमीचा कापला जातो, मग अचानक आडवा पन्नास मिमीचा पाय एकदम दातांखाली येतो. उलटा ठेव, कोपरा वर, दोन्ही पाय खाली पसरलेले. मग ब्लेड दोन्ही पाय तिरके कापत उतरतं, एका पायात ६ ऐवजी साडेआठ मिमी लोखंड मिळतं आणि दोन्ही पाय एकदम. दातांना काम सारखं राहतं. चौकोनी पाईपही जमेल तर कोपऱ्यावर उभा कर, पण त्याला व्ही आकाराचं पॅकिंग लागेल.

द्राक्षमांडव · रविवार, सकाळी ९.४८

आयला, एवढं सोपं! कुणी सांगितलंच न्हाई. पोरांना आजच दाखवतो.

लोखंडी_पूल · रविवार, दुपारी १२.२०

काका, शेडमध्येच आहे.

चिप: थोडी बारीक, जवळजवळ बुरादा. काही तुकडे वळलेले, पण बरेचसे पावडरसारखे.
पुली: सगळ्यात वेगाची स्टेप. जुन्या मालकाची तशीच होती.
सरकता गाईड: हात लांब आहे म्हणून शेवटाला ठेवला होता. बारपासून तळहातभर अंतर असेल.
पाठीचं बेअरिंग: मोटरच्या बाजूच्या गाईडचं फिरत नाही. दुसरं फिरतं.

टूलरूमकाका · रविवार, दुपारी १२.३१

फिरत नाही? मग दोन्ही गाईड उघड. त्याआधी वीज बंद, प्लग काढून खिशात. टेन्शन सोडून ब्लेड काढ, गॉगल घालून. २० मिमीचं ब्लेड चाकांवरून सुटताना उसळतं.

कासपठार · रविवार, दुपारी १.१५

तोवर वेगाचं बघून घ्या. स्टेपवरचे आकडे नुसते वाचू नका, मोजा. ब्लेडवर पांढऱ्या मार्करने ठळक खूण करा, मशीन रिकामं चालवा, घड्याळ लावून मिनिटात खूण किती वेळा गाईडसमोरून जाते ते मोजा. तुमचं ब्लेड २.३६ मीटर. गुणाकार केला की मीटर प्रति मिनिट. फार वेगात असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून सावकाश चालवा.

साताऱ्यात माझ्याकडे छोटा ४×६ आहे, १६३८ × १३ × ०.६५ ब्लेडचा. त्याचे तीन वेग साधारण २४, ३६ आणि ६० मीटरच्या आसपास येतात. माझ्या घरी संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे २३० चे १९० झाले की ताकद दोन तृतीयांशच उरते. मोटर गुरगुरते, ब्लेड मालात अडकतं, आणि आपण ब्लेडला शिव्या देतो. शेडपर्यंत बारीक एक्स्टेंशन ओढलं असेल तर अजून भर. अडीच चौरस मिमीची केबल थेट टाका आणि अर्थिंग तपासा. ओल्या कूलंटच्या मशीनला अर्थ नसणं म्हणजे खेळ नाही.

लोखंडी_पूल · रविवार, दुपारी ३.०५

कासपठार ताई, ब्लेड काढायच्या आधी मोजलं. मिनिटाला ३० फेऱ्या. म्हणजे ७० मीटर.

काका, गाईड उघडले. मोटरच्या बाजूच्या पाठीच्या बेअरिंगची बाहेरची रिंग जाम, आणि तिच्यावर ब्लेडच्या पाठीने खाच पाडली आहे. नुसता ओरखडा नाही. फिलर गेजची पानं एकावर एक घालून बघितली, ०.८ मिमी खोल आहे. खाचेच्या कडा निळ्या पडल्यात. बाजूच्या दोन बेअरिंगपैकी व्हाईसच्या बाजूचं विक्षेपी (केंद्राबाहेर भोक असलेल्या) बुशावर आहे, ते ब्लेडला करकचून टेकवलेलं होतं.

आणि वापरलेल्या ब्लेडचे दात भिंगाखाली धरले. व्हाईसच्या बाजूला वळलेल्या दातांचा बाहेरचा कोपरा घासून चकचकीत पट्टा झालाय. उलट बाजूच्या दातांना तसा पट्टा नाही, कोपरे अजून टोकदार.

टूलरूमकाका · रविवार, दुपारी ३.५०

सापडला चोर. आता नीट सांगतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

प्रत्येक गाईडला तीन बेअरिंग. दोन बाजूंना, एक पाठीला. कापताना लोखंड ब्लेडला वर ढकलतं आणि तो सगळा जोर पाठीच्या बेअरिंगने घ्यायचा असतो. तुझं ते जाम झालं. फिरत नाही म्हणून ब्लेडची पाठ त्यावर घासत राहिली, खाच पडली, आणि ब्लेड त्या खाचेइतकं वर सरकलं. बाजूची बेअरिंग फक्त ब्लेडच्या अंगाला टेकायची असतात, दातांच्या खोबणीच्या मागे. ब्लेड वर सरकलं की दात त्यांच्यामध्ये येतात. दातांना सेट असतो, कुणी डावीकडे वळलेला, कुणी उजवीकडे, कुणी सरळ. त्या सेटमुळेच कट ब्लेडपेक्षा रुंद पडतो आणि अंगाला मोकळीक मिळते. ०.९ चं ब्लेड साधारण दीड मिमीच्या आसपास वाट काढतं. कडक रिंगमधून दर फेरीला दात दाबले गेले, त्यातही व्हाईसच्या बाजूचं बेअरिंग आवळलेलं, म्हणून तिकडचा सेट आधी गेला. त्या बाजूला दात कमी खातात, उलट बाजूला जास्त. ब्लेड जिकडे खातं तिकडे सरकतं. तुझं मोकळ्या टोकाकडे गेलं, हिशेब जुळतो.

आणि नवं ब्लेड पहिले काही कट सरळ का, तर तेवढा वेळ सेट शाबूत होता. मिरज_मळा, म्हणून म्हटलं टेन्शनला हात लावू नका. आवळून आवळून ब्लेडच्या खोबणीतून चीर जाते आणि चाकाचं बेअरिंगही बसतं. ब्लेड तुटल्यावर चीर कुठून निघाली ते बघायची सवय लावा. खोबणीतून असेल तर टेन्शन किंवा फीड जास्त. पाठीकडून असेल तर पाठ कुठेतरी घासतेय, चाकाच्या फ्लँजवर नाहीतर पाठीच्या बेअरिंगवर.

आता जोडणी. तिन्ही बेअरिंग दोन्ही गाईडची नवीन टाक, एकटं बदलू नकोस. शिल्डवर नंबर असतो, तोच घे, दोन्ही बाजूंनी शिल्ड असलेला. पाठीचं बेअरिंग ब्लेडच्या पाठीला रिकाम्या चालीत जेमतेम लागेल असं. बाजूची दोन्ही कशी लावायची तर ब्लेडवर वर्तमानपत्राचा कागद धर, विक्षेपी बुश फिरवून बेअरिंग टेकव, नट आवळ, कागद काढ. हाताने चाक फिरवलं तर बेअरिंग फिरलं पाहिजे, पण बोटाने धरलं तर थांबलंही पाहिजे. त्याहून घट्ट नको. मग गुण्या बेडवर ठेवून ब्लेडच्या अंगाला लाव, दातांना नव्हे. दोन्ही गाईडपाशी बघ. कुठे उजेड दिसला तर गाईडचा ब्रॅकेट ढिला करून फिरव.

शेवटी बो हाताने उचलून हळू खाली आण, गुण्या तिथेच उभा ठेवून. वर आणि खाली अंतर सारखं राहिलं पाहिजे. बदललं तर बोच्या बिजागरीत खेळ आहे, मग वेगळा विषय.

रानपाखरू · रविवार, दुपारी ४.१०

वाचनखूण साठवली. पण एक विचारू का, ही मशीनं पुण्याच्या सर्व्हिसवाल्याला दाखवली असती तर एवढं उघडावं लागलं नसतं.

टूलरूमकाका · रविवार, दुपारी ४.२२

दाखवा की. पण १९१० साली कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभा केला तेव्हापासून या पट्ट्यात लोखंड कापतायत. पलूसपासून कुपवाडपर्यंत दर दुसऱ्या गल्लीत बेअरिंग बदलणारा माणूस आहे. पुण्याहून गाडी बोलवायची गरज सहा बेअरिंगांसाठी मला तरी वाटत नाही.

मिरज_मळा · रविवार, संध्याकाळी ६.००

काका, टेन्शनचं मान्य. पण कूलंटचं काय? मी बिनकूलंटचंच कापतो, काही बिघडत नाही.

टूलरूमकाका · रविवार, संध्याकाळी ७.१५

बीड कापत असशील तर बरोबरच करतोस. बिडातलं ग्रॅफाईट स्वतःच वंगण, पाणी घातलं की नुसता काळा चिखल होतो आणि तो गाईडमध्ये जाऊन बसतो. एमएस (साधं लोखंड) बिनकूलंट चालतं, वेग कमी ठेवून. स्टेनलेस आणि टूल स्टीलला मात्र लागतंच.

घरगुती माणसाला टाकी-पंपाची भानगड ठेवायचीच असेल तर सोल्युबल ऑईल ८-१० टक्के. आधी पाणी, त्यात तेल ओतत ढवळायचं. तेलात पाणी ओतलंत तर दह्यासारख्या गुठळ्या होतात. मशीन आठवडाभर बंद राहिलं की वर गिअरचं तेल तरंगतं, खाली हवा पोचत नाही, आणि कुजका वास सुटतो. वरचं तेल वर्तमानपत्राने टिपून काढायचं. आपलं सुट्टीचं मशीन असेल तर मी म्हणेन टाकीच नको. पिळायच्या बाटलीतून थेंब थेंब, नाहीतर कापायच्या मेणाची कांडी ब्लेडला टेकवा.

कासपठार · रविवार, संध्याकाळी ७.३०

अॅल्युमिनियमला रॉकेल लावणारे बरेच आहेत. करत असाल तर ग्राइंडर आणि वेल्डिंग शेजारी नको, एवढंच सांगते. मी मेणच वापरते. अॅल्युमिनियमच्या चिपा खोबणीत चिकटून बसतात, त्यासाठी चिप ब्रश चाकाच्या बाजूला नीट टेकलेला हवा. बहुतेक सेकंडहँड मशीनवर तो ब्रश टक्कल पडलेला असतो.

द्राक्षमांडव · रविवार, रात्री ८.४५

ताई, ३०४ स्टेनलेसचा ४० चा राऊंड कापायचाय, बेदाणा मशीनच्या शाफ्टला. ब्लेड नुसतं घासतंय, कापतच न्हाई. आवाज बी किंचाळल्यागत.

कासपठार · रविवार, रात्री ९.०५

घासू दिलंत म्हणूनच कापत नाही. स्टेनलेसला घासलं की वरचा थर कडक होतो, मग दात त्यावर घसरतात आणि थर अजून कडक होतो. वेग खाली, ३० मीटरच्या आसपास, आणि फीड मात्र दमदार ठेवायचं. दात मालात घुसलाच पाहिजे. कूलंट भरपूर. कट अर्ध्यात थांबवला आणि परत सुरू केला तर तीच जागा कडक लागते. आताचा बार त्या जागी कडक झाला असेल तर १८० अंश फिरवून दुसऱ्या बाजूने सुरू करा.

टूलरूमकाका · रविवार, रात्री ९.१२

ताईंनी सांगितलेलं १८० अंश फिरवणं अजून एका ठिकाणी लागतं. मध्येच ब्लेड तुटलं आणि नवं चढवलं तर जुन्या चिरेत नवं ब्लेड कधी घालू नका. जुन्या झिजलेल्या ब्लेडची चीर अरुंद असते, नवं ब्लेड त्यात आवळून सेट गमावतं, नाहीतर दात उडवून घेतं. बार फिरवा, समोरून नवीन कट घ्या. आणि दात उडाला असेल तर तो चिरेत अडकलाय का ते बघा. एम-४२ चा तुकडा पुढच्या दातांनी कापला जाणार नाही, उलट तेच दात जातील.

हरिपूर_घाट · सोमवार, सकाळी ६.५०

वेगळा प्रश्न. आमच्या चुलत्यांचा बँडसॉ २०१९ च्या पुरात बुडाला होता. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हाचा. तेव्हापासून गोणपाटाखाली आहे. लोखंड चांगलं आहे, बीडाचा बेड. भंगारात द्यावा की सुरू करावा?

कासपठार · सोमवार, सकाळी ८.००

बेड आणि बो शाबूत असतील तर भंगारात नको. मोटर मात्र प्लगला लावू नका. वाइंडिंग मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) मोजा, एक मेगाओहमच्या खाली आलं तर रिवाइंडिंगवाल्याकडे. कपॅसिटर आणि स्विच नवीनच. सगळी बेअरिंग नवीन, वाचवायचा प्रयत्न करू नका, आत गाळ गेलेला असतो. गिअरबॉक्सचं झाकण उघडा. तेल दुधासारखं पांढरं दिसलं म्हणजे पाणी आत शिरलं होतं. सगळं काढून डिझेलने धुवा, वाळवा, मग वर्मचे दात बघा. हायड्रॉलिक सिलिंडरच्या सील जातातच.

हरिपूर_घाट · सोमवार, सकाळी ८.२५

आभारी आहे. झाकण उघडून फोटो टाकतो.

मिरज_मळा · सोमवार, रात्री ९.३०

लोखंडी_पूल, बेअरिंग मिळाली का?

लोखंडी_पूल · मंगळवार, रात्री १०.१५

मिळाली, सांगलीतच. पाठीची आणि बाजूची वेगवेगळ्या मापाची निघाली, दोन्ही प्रकार मिळाले. बसवताना एक गंमत दिसली. जुन्या मालकाने मोटरच्या बाजूच्या गाईड ब्रॅकेटखाली पत्र्याचा वॉशर घातला होता. कट तिरका येतोय म्हणून त्याने गाईडच तिरका केला असणार. तो काढला तेव्हा कुठे ब्लेड गुण्याला लागलं.

काकांनी सांगितल्याप्रमाणे कागदाने अंतर लावलं. ट्रॅकिंगही (चाकावर ब्लेड कुठे चालतं ते) बघितलं, वरच्या चाकावर ब्लेडची पाठ फ्लँजला घासत होती, चाकाच्या झुकावाचा स्क्रू थोडा फिरवला, आता पाठ फ्लँजच्या जवळ चालते पण घासत नाही. बेल्ट मधल्या स्टेपवर. मिनिटाला २० फेऱ्या, म्हणजे ४७ मीटर.

टूलरूमकाका · मंगळवार, रात्री १०.३०

छान. आता नवं ब्लेड घालशील तेव्हा त्याला आधी बसवून घे. वेग तोच, फीड निम्मं. पहिले तीन-चारशे चौरस सेंटिमीटर कापून होईपर्यंत. तुझा ६३ चा बार म्हणजे एका कटाला ३१ चौरस सेंटिमीटर, हिशेब तूच कर. नव्या दाताचं टोक इतकं धारदार असतं की पूर्ण जोर दिला तर ते बारीक तुटतं, आणि मग ब्लेड कायमचं खरखरीत राहतं. निम्म्या फीडने ते टोक जरा गोल होतं.

त्यानंतर सिलिंडरचा वाल्व्ह चिप बघून उघड. तुझी चिप पावडरसारखी होती ती फीड कमी आणि वेग जास्त म्हणून. वळलेली, चंदेरी, हाताला कोमट चिप हवी. निळी आणि जाड पडली तर जोर जास्त झाला. आणि पुढचं ब्लेड ६/१० नको, ५/८ घे. ६३ च्या भरीव बारात ६/१० चे वीसेक दात एकदम असतात, खोबणी चिपेने भरून जाते. चालतं, पण उगाच.

सरकता गाईड बारच्या जवळ. जितका जवळ तितकं ब्लेड ताठ.

रानपाखरू · मंगळवार, रात्री १०.४५

आणि हातमोजे घालून कापा, चिपा फार लागतात हाताला.

टूलरूमकाका · मंगळवार, रात्री १०.४८

ब्लेड हाताळताना हातमोजे, हो. ब्लेड फिरत असताना अजिबात नाहीत. मोज्याचा धागा दाताला लागला की हात त्याच्या मागे जातो. चालू मशीनवर चिपा काढायच्या नाहीत, ना हाताने ना चिंधीने. आणि आखूड तुकडा व्हाईसच्या एका कडेला धरताय तर दुसऱ्या कडेला त्याच जाडीचा तुकडा घाला. नाहीतर जबडा तिरका बसतो आणि बार कट संपताना उडतो.

लोखंडी_पूल · रविवार, सकाळी ११.४०

५/८ ब्लेड आलं. निम्म्या फीडने बसवलं, मग वाल्व्ह उघडला. चिप आता कंगोरेदार, वळलेली पडते. पूर्वी ज्या टप्प्यावर तिरकं जायला लागायचं तो टप्पा मागे पडून बराच माल कापून झाला. आज ६३ चा तुकडा गुण्याला लावला, वरपासून खालपर्यंत ०.१५ मिमीचं फिलर पान जात नाही. काकू म्हणाल्या मशीन विकलं का.

काका, आभार मानून होणार नाहीत. अजून एक. गिअरबॉक्समधून बारीक घुंघुं आवाज येतो, आधी वेगाच्या स्टेपवर तो ऐकू येत नव्हता. तेल कधी बदललं होतं देव जाणे. काय घालू?

मिरज_मळा · रविवार, दुपारी १२.०५

अभिनंदन! फोटो टाक राव.

टूलरूमकाका · रविवार, दुपारी १२.३०

फार छान. ०.१५ मध्ये आला म्हणजे लेथवर तोंडाला जास्त माल सोडायला नको आता.

गिअरबॉक्स वर्मचा (आट्यांच्या दांड्याने चाक फिरवणारा) आहे, चाक पितळी कुळातल्या धातूचं असतं. मशीन थोडं चालवून तेल गरम कर, मग खालचा बोल्ट काढून भांड्यात उतरव. मशीनच्या पाटीवर तेलाचा ग्रेड असेल तर तोच. नसेल तर वर्म गिअरचं तेल माग, दुकानदाराला "पितळी चाक आहे" असं आवर्जून सांग. गाडीच्या डिफरन्शियलच्या काही तेलांतला गंधक गरम झाल्यावर पितळेला खातो. काचेच्या खिडकीत निम्म्यापर्यंत भर, काठोकाठ भरलंस तर सीलमधून बाहेर येईल आणि बेल्टवर उडेल.

उतरवलेलं तेल फेकू नकोस. उन्हात धर, दोन बोटांत घास. सोनेरी झाक थोडीफार असतेच, वर्मचं चाक झिजतंच. पण बोटांना कण टोचले तर झाकण उघडून दात बघ आणि फोटो टाक.

लोखंडी_पूल · रविवार, दुपारी १२.४४

जेवून उतरवतो तेल. संध्याकाळी कळवतो.